डॉक्टरसाहेबांचे लेखनदोष

मी लेखक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर मी जे काही लिहिलं ते परीक्षेच्या कागदावर, आणि तेही बरंचसं उर्दूत, कारण आमच्याकडं वरचं सगळं शिक्षण उर्दूतच झालं. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. वडील अजून अंगठाच उठवतात. त्यामुळं आमच्या विद्यार्थी मंडळाच्या अंकासाठी ‘तुम्हाला भेटलेल्या एखाद्या माणसावर लिहा’ असं सांगणं आलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं ते एका माणसाचं देणं मनावर होतं म्हणून. पण ज्यांच्यावर लिहायचं ते मोठे विद्वान, आणि मला त्यांच्या विषयातलं काही येत नाही. वैद्यकाचा इतिहास असा काही अभ्यास असतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं, तेही अर्धंमुर्धं. शिवाय त्यांचं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध होतं. हे लिहिताना ते माझ्या खांद्यावरून वाकून वाचतायत असं वाटतं आणि प्रत्येक ओळीला हात अडखळतो. चुका पोटात घालाव्यात.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. परभणीत ‘नारूवाले डॉक्टरसाहेब’ म्हटलं की लोक दवाखान्याकडं बोट दाखवायचे, तेवढी ओळख पुरे.

ते हैदराबाद शहरातले. घरची भाषा उर्दू, फारसीचा गाढा अभ्यास, डॉक्टरी इंग्रजी. आमच्या भागात बदली झाल्याचा हुकूम हातात पडताच त्यांनी पुण्यात छापलेलं मराठी व्याकरणाचं पुस्तक मागवलं आणि तीन महिन्यांत ते पाठ केलं. ज्याची नाडी धरायची त्याची भाषा यावयास हवी, असं ते म्हणत. भाषा आली, पण ती त्या पुस्तकातली. ‘आमी’ म्हटलं की ते मध्येच थांबवून ‘आम्ही’ म्हणायला लावत. ‘न्हाई’ म्हणणाऱ्याचं पोट दुखत असलं तरी आधी ‘नाही’ म्हणवून घेत.

नारूचा त्यांना ध्यास होता. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: हा दोऱ्यासारखा पांढरा किडा माणसाच्या पायातून बाहेर येतो, हातभर लांब असतो, आणि ओढताना तुटला तर पाय जातो, कधी जीव जातो. तो बारवेच्या पाण्यातून पोटात जातो. म्हणून डॉक्टरसाहेब सकाळी शेरवानी घालून बारवेच्या पायऱ्यांवर उभे राहत आणि पाण्याला आलेल्या बायांना हात जोडून सांगत, “भगिनींनो, जल वस्त्रगाळ केल्याविना प्राशन करू नये.”

बाया घागरी टेकवून एकमेकींकडं बघायच्या.

“काय म्हनायलेत वं साहेब?”

“पानी गाळून प्या म्हनायलेत.”

“मग तसं म्हना की! मी म्हनलं कुनी मेलं का काय.”

आणि त्यांच्याकडं तोंड करून म्हणायच्या, “हौ साब, छानकेच पीते हम.” सरकारी माणसाशी आपल्या बोलीत बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्याच्या भाषेत बोलायचं, मोडकं का असेना. म्हणजे ज्यांना येई ते लोक त्यांच्याशी दखनी उर्दूत बोलत, ते लोकांशी पुण्याच्या मराठीत, आणि दोन्ही बाजूंनी अदब इतकी की कुणी कुणाला सांगत नसे की काही कळलं नाही.

दवाखान्यात पालम गावचे एक कंपाउंडर होते. ते नव्या रोग्याला दारातच सांगून ठेवत, “साहेब पाय मागून बघत्यात, आदी आजा विचारत्यात. घाबरू नका.” खरोखरच, रोगी बाकावर बसला की डॉक्टरसाहेब वही उघडत.

“आपल्या पितामहांस हा विकार झाला होता काय?”

“पिता... कोन, साहेब?”

“आजा, आजा,” कंपाउंडर ओरडत.

“आज्याला व्हय? आज्याला बैलानं मारलं साहेब.”

डॉक्टरसाहेब तेही लिहून घेत. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न, “हे लिहून ठेविले आहे काय?” कंपाउंडरना मुलगा झाला ती बातमी त्यांनी येऊन सांगितली तेव्हाही त्यांनी आनंदानं हात हातात घेतला आणि हेच विचारलं.

त्यांच्या खोलीत फडताळभर बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीत एका काडीवर गुंडाळलेला वाळका नारू, आणि वर चिठ्ठी: गाव, साल, डावा पाय की उजवा. तपासणीला येणारे साहेब लोक नाकाला रुमाल लावून दारातूनच परत फिरत. एकदा एकानं हसून विचारलं, ही शेवयांची दुकानदारी कधीपासून? डॉक्टरसाहेबांनी अतिशय गंभीरपणे साल सांगितलं.

ही सगळी खटपट एका निबंधासाठी होती. इंग्रजी औषधं यायच्या आधी आमच्या मुलखात नारूवर काय करत, हे त्यांना शोधायचं होतं. अरबी आणि फारसी ग्रंथांत नारू आहे, असं ते सांगत. पण ते ग्रंथ दरबारात बसून लिहिलेले. “जो मनुष्य रोग्याचा पाय मांडीवर घेऊन बसला होता, त्याने काय लिहिले?” हा त्यांचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर त्यांना मानवतला सापडलं होतं.

मानवतला कापसाचा आणि धान्याचा व्यापार करणारं एक लिंगायत घर आहे. त्या घरात चार पिढ्यांमागं एक वैद्य होऊन गेले. त्यांनी मोडीत लिहिलेलं एक जाडजूड बाड लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवलेलं होतं. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. ते घराबाहेर न्यायचं नाही, आणि उघडलं की मोठ्यानं वाचायचं, घरातल्या कुणाच्या तरी कानावर गेलं पाहिजे, असा त्या घरचा नेम. डॉक्टरसाहेब एका म्हाताऱ्या पटवाऱ्याकडून मोडी शिकले आणि बारा वर्षं, दर जुम्म्याच्या सुटीला, रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं मानवतला जाऊन त्यांनी त्या बाडाची बाळबोध लिपीत नक्कल केली. घरधनी आप्पा त्यांना पाट द्यायचे. नमाजाची वेळ झाली की त्याच ओसरीवर चटई अंथरून द्यायचे. गावात लोक आप्पांना काहीबाही बोलले असतील. आप्पांनी ते कधी सांगितलं नाही.

माझी आणि डॉक्टरसाहेबांची गाठ पडली ती माझ्या पायामुळं. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली उन्हाळ्याच्या सुटीत मी हैदराबादहून गावी आलो, ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव आहे, आणि सुटी संपता संपता घोट्यापाशी फोड आला. आईनं ओळखलं. बैलगाडीत घालून तिनं मला परभणीला आणलं.

“साहेब, पोराचं कालेज बुडायलंय,” ती रडत म्हणाली. आईला दखनी येत नाही, नाहीतर तीही त्यातच बोलली असती.

“बाई, महाविद्यालय उंचावर आहे,” डॉक्टरसाहेब तिला धीर देत म्हणाले, “ते बुडणार नाही.”

चाळीस-बेचाळीस दिवस मी दवाखान्यात होतो. रोज सकाळी ते स्वतः माझ्यासमोर बसत, पाय मांडीवर घेत, आणि काडीला एक वेढा देत. दिवसाला एक, कधी तोही नाही. किडा ताणला आहे असं वाटलं की हात सोडून देत आणि मला गोष्टी सांगत. कुठल्या हकीमानं काय लिहिलं, ते दुसऱ्यानं कसं चुकीचं उतरवलं, आणि ती चूक पुढं दोनशे वर्षं लोकांनी औषध म्हणून कशी खाल्ली. मला त्यातलं थोडंच कळे. पण एक शिकलेला माणूस माझा घाणेरडा पाय मांडीवर घेऊन बसलाय आणि माझ्याशी बरोबरीनं बोलतोय, ‘आपण’ म्हणतोय, हे मला नवीन होतं. वसतिगृहातली माझी जागा जाऊ नये म्हणून त्यांनी मला न विचारता तिथं पत्रही लिहिलं होतं. ती जागा गेली असती तर मी परत नांगरामागं गेलो असतो.

इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. कॉलेजात पहिल्याच महिन्यात कुणीतरी विचारलं, कुठं निघालास? मी म्हणालो, “जेवायला जायलो.” सगळे हसले. पुढं वर्षभर माझं नावच ‘जायलो’ पडलं. तेव्हापासून मी आमची बोली जिभेवरून खरवडून काढली होती. घरी आल्यावरही ‘मी जात आहे’ म्हणायचो. आई म्हणाली होती, “लय गोड बोलायलास रं. पावन्यावानी.” मला ते कौतुक वाटलं होतं.

डॉक्टरसाहेबांना माझं हे मराठी फार आवडलं. पाय बरा होत आला तेव्हा ते म्हणाले, “नक्कल पूर्ण झाली आहे. आता रुजवात करावयाची आहे. आपण नक्कल मोठ्याने वाचावी, मी मुळावर दृष्टी ठेवीन.” निबंधही तयार होता. हैदराबादला विद्वानांच्या एका सभेत तो वाचायचं ठरलं होतं, आणि सभेकडं तो आधी पाठवायचा होता. पुढच्या वर्षी ते नोकरीतून निवृत्त होणार होते. त्या सभेसाठी नवी शेरवानी शिवायला टाकली होती, हे कंपाउंडरनी मला गुपित म्हणून सांगितलं.

पहिल्या जुम्म्याला आम्ही मानवतला गेलो. दुकानाच्या मागं ओसरी, तिथं पाट. आप्पांनी विभूती लावून बाड बाहेर आणलं. “या साहेब. पोथी वाट बघायलीय तुमची.” आतल्या दाराच्या उंबऱ्यावर आप्पांच्या घरच्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात, सुपात ज्वारी निवडत बसल्या. नेमाप्रमाणं ऐकायचं काम त्यांचं.

“अक्का, तुम्हाला बाड पाठ झालं असेल,” मी आपलं बोलायचं म्हणून म्हणालो.

“कशाचं पाठ! बारा वर्सं झाली, साहेब वाचत्यात आन मी ऐकती. एक शबुद कळंल तर शपथ. मंत्र आसंल म्हनून हात जोडती.”

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. विरामचिन्हं नसतात, ओळ अखंड वाहत जाते. कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. डॉक्टरसाहेबांनी ते व्याकरणाप्रमाणं ठरवलं होतं. नक्कल सुरेख होती: ‘नारू निघायला: एरंडाचे पान बांधले.’ ‘चालायला: तेल चोळले.’ ‘जेवायला: भाकर, दूध.’ म्हणजे अमुक व्हावं यासाठी तमुक उपाय. असे उपाय त्यांनी वेचून, वर्ग पाडून निबंधात मांडले होते. नकलेला जोडून एक वेगळा कागद होता, वर मथळा ‘लेखनदोष’. मुळात वैद्यांनी जिथं चुकीचं लिहिलं आणि डॉक्टरसाहेबांनी दुरुस्त केलं, त्या जागा. कागद चांगला लांब होता. “वैद्यराज थोर होते,” ते भिंग पुसत खेदानं म्हणाले, “परंतु व्याकरण फार कच्चे.”

मी वाचत गेलो. एका ओळीपाशी आलो: “माळ्याचा मुलगा, वय सात, नारू तुटला, पाय सुजला. मारायला: हिंग, गूळ दिला. उपयोग नाही.”

“थांबा,” ते म्हणाले. “मुळात ‘मरायला’ आहे. काना राहिला. मरण्यासाठी कोणी हिंग देईल काय?” आणि ते हसले. “जंतू मारायला, असे हवे.”

मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या कानात आईचा आवाज आला. आमच्या शेजारच्या घरी तापानं पोर दगावत होतं, तेव्हा ती धावत येऊन वडिलांना म्हणाली होती, “त्येंचा पोरगा मरायला वं.” मरण्यासाठी नव्हे. मरतोय.

माळ्याचा मुलगा मरत होता. नारू निघत होता. कुणी चालत होतं, कुणी जेवत होतं. वैद्यांनी आमच्यासारखंच लिहिलं होतं, बोलल्यासारखं. आम्ही ‘निघायलाय’ म्हणतो आणि घाईत शेवटचा ‘य’ खातो, तसा त्यांनीही खाल्ला होता. ते बाड उपायांचं नव्हतंच. रोज डोळ्यांसमोर जे होत होतं, त्याची ती टिपणं होती.

मी तशीच पुढची ओळ वाचली.

त्या आठवड्यात मी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण कसं बोलू? बारा वर्षं. नवी शेरवानी. शेवयांची दुकानदारी म्हणणारे ते साहेब लोक सभेत समोर बसणार होते. माझा पाय ज्यांनी वाचवला, माझी जागा ज्यांनी राखली, त्यांना मी कोण सांगणार की तुमचा निबंध पायापासून चुकलाय? आणि सांगायचं तर ज्या बोलीवर सगळं कॉलेज हसलं, तीच पुढं करून सांगायचं. पट्टी बदलताना त्यांनी दोनदा विचारलं, “आपण मौन का?” मी म्हणालो, पाय ठणकतो. ते काळजीनं पाय तपासत राहिले. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

दुसरा जुम्मा शेवटचा. रुजवात दुपारपर्यंत संपणार होती आणि निबंधाचं पुडकं तिथंच कापडात शिवून टपालात टाकायचं होतं. आप्पांनी दुकानातून मांजरपाट आणि लाख काढून ठेवली होती. अक्कांनी सुईत दोरा ओवून ठेवला होता. शेवटचं पान झालं. डॉक्टरसाहेब म्हणाले, “शंकेच्या जागा पुनः एकदा ऐकवा.”

मी माळ्याच्या मुलाची ओळ काढली. ठरवलं असं काही नव्हतं. पण ‘मारायला’ माझ्या तोंडून निघेना. मी मुळातल्याप्रमाणं वाचलं, आणि वाचताना जिथं थांबायला हवं तिथं थांबलो, आई थांबली असती तिथं. “माळ्याचा मुलगा. वय सात. नारू तुटला, पाय सुजला, मरायला.”

अक्कांचं सूप खाली आलं.

“आगाई! मग वाचला का न्हाई त्यो?”

डॉक्टरसाहेबांनी भिंगावरून मान वर केली. “त्या काय विचारीत आहेत?”

“साहेब, त्या विचारतायत, मुलगा वाचला का.”

“कोणता मुलगा?”

“हा. माळ्याचा.”

“परंतु हा तर उपाय आहे. येथे मुलाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न कोठे आला?”

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. “साहेब, आमच्याकडं ‘मरायला’ म्हणजे मरण्यासाठी नाही. मरायला म्हणजे... मरतो आहे. आत्ता. आम्ही असंच बोलतो.”

आप्पा घाईनं म्हणाले, “पोराचं काय मनावर घेता साहेब, त्येला काय कळतंय!”

डॉक्टरसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. तो वही उघडताना असायचा तसाच होता. “प्रमाण?” ते मला म्हणाले. “प्रमाण द्यावे.”

मी लेखनदोषांचा कागद मागितला. “साहेब, हे बघा. ‘बाई चालायली.’ आपण खोडून ‘चालायला’ केलंय. हे ‘लेकरू रडायलं.’ त्याचंही ‘रडायला’ केलंय. उपाय असता तर सगळीकडं ‘ला’च आलं असतं. पण मुलगा आहे तिथं मरायला, बाई आहे तिथं चालायली, लेकरू आहे तिथं रडायलं. वैद्य एकदाही चुकले नाहीत.”

“मग काय बाई चालायला म्हनत्यात व्हय?” अक्का हसल्या. “म्हनून मला मंत्र वाटायलता.”

डॉक्टरसाहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवत वरपासून खालपर्यंत गेले. पुन्हा वर आले. जितके दोष तितकी प्रमाणं, आणि सगळी त्यांच्याच हातची. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

“म्हणजे हे औषधांचे पुस्तक नव्हे,” ते म्हणाले. “ही माणसे आहेत.”

आप्पा मांजरपाटाच्या तुकड्याकडं बघत होते. शेवटी अक्काच म्हणाल्या, “ते समदं ऱ्हाऊ द्या बाबा. पोरगं वाचलं का?”

डॉक्टरसाहेब दचकले. मग बाडावर वाकले आणि भराभरा ओळी शोधू लागले. इतक्या घाईनं त्यांनी त्या बाडाला कधी हात लावला नसेल. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं. ही ओळ त्यांनी निबंधात पथ्याच्या वर्गात घातली होती. आता त्यांनी ती सावकाश, चाचपडत, पहिल्यांदाच आमच्यासारखी वाचली.

“माळ्याचा मुलगा जेवायला. भाकर, दूध.”

“जेवायलाय!” अक्कांनी उंबऱ्यावर हात आपटला. “वाचला म्हना की!”

“जेवायलाय,” डॉक्टरसाहेब म्हणाले. आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, “जेवायलाय.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका माळ्याच्या पोरासाठी ते होतं, की बारा वर्षांसाठी, मला सांगता येणार नाही.

“पुडकं शिवू का?” अक्कांनी सुई उचलून विचारलं.

“नको. ते चुकीचे आहे.”

परतीच्या गाडीत मी त्यांची माफी मागितली, पहिल्याच जुम्म्याला कळूनही गप्प राहिलो म्हणून. त्यांनी मांडीवरचं पुडकं सारखं केलं. मग म्हणाले, “बारा वर्षे लोक माझ्याशी बोलत होते. मी त्यांचे बोलणे तपासत होतो.” एवढंच. सभेला येत नाही अशी तार त्यांनी दुसऱ्या दिवशी केली.

त्यानंतरचे दोन आठवडे दवाखान्यात मोठी गंमत झाली. डॉक्टरसाहेबांनी आमची बोली शिकायला घेतली, आणि तीही व्याकरणाच्या शिस्तीनं. पहिल्याच दिवशी कंपाउंडरनी चहा आणून ठेवला आणि विचारलं, काय करताय साहेब? साहेब अभिमानानं म्हणाले, “चहा प्यायलो.” कंपाउंडरना त्यांच्या पुस्तकी मराठीची सवय. पिऊन झाला असं समजून त्यांनी भरलेला कप उचलून नेला. साहेब कितीतरी वेळ रिकाम्या टेबलाकडं बघत होते.

पण ते बाकावर रोग्यांच्या शेजारी जाऊन बसू लागले. “कसं वाटायलंय?” असं विचारू लागले, आणि मध्ये न थांबवता ऐकू लागले. पूर्णेकडचा एक म्हातारा त्यांच्याशी तासभर बोलला. सात वर्षं तो दवाखान्यात येत होता, आणि आजवर ‘जी साब’ पलीकडं काही बोलला नव्हता. मला वाटतं, मीही त्याच दिवसांत आईशी पुन्हा नीट बोलायला लागलो.

निबंध त्यांनी पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहायला घेतला. आता तो औषधांवर नव्हता, त्या वैद्यांवर होता. पहिल्या निबंधातून ‘उपयोग नाही’ असे शेरे त्यांनी गाळले होते. आता तेच सर्वांत मोलाचे ठरले. “औषध सर्वच लिहितात,” ते म्हणायचे, “उपयोग नाही असे कोण लिहितो? ह्या मनुष्याने लिहिले. मी सहस्र पृष्ठे वाचली, असा प्रामाणिक मनुष्य मला भेटला नव्हता, आणि भेटला तेव्हा मी त्याचे व्याकरण काढीत बसलो.” निबंध पुरा झाल्यावर सभेकडं गेला आणि परत आला. उपाय कुठं आहेत, अशी विचारणा होती. त्यांनी मला ते पत्र कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलं, आणि कडेला मराठीत लिहिलं होतं, “पुनः पाठवायलो.” निवृत्त होऊन ते हैदराबादला आल्यावर मी त्यांना दोन-तीनदा भेटलो. दर वेळी निबंध कुठून तरी परत आलेला असे, आणि दर वेळी ते हसून म्हणत, छापला जाईल, पण उपाय घालून नव्हे. मला मात्र ते थकल्यासारखे वाटत.

मग गडबडीचे दिवस आले. कॉलेज बंद पडलं, गाड्यांचा नेम राहिला नाही, मी गावी आलो. त्यांचं एक कार्ड आलं, त्यानंतर काही नाही. फौजा आल्या, हैदराबादचं राज्य गेलं. टपाल सुरू झालं तेव्हा मी त्यांच्या जुन्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. कुणाला विचारावं कळेना. त्या दिवसांत कुणाची चौकशी केली की ऐकणारा आधी नाव हिंदूचं की मुसलमानाचं ते बघायचा. आई मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायची, “तुज्या साहेबाचं काय कळलं का रं?”

थंडी पडल्यावर, ताडकळसच्या बाजाराला आलेल्या माणसाकडून आप्पांचा निरोप आला: उर्दूतलं पुस्तक टपालानं आलंय, आमाला कुनाला येत न्हाई, येऊन वाच.

मी दुसऱ्याच दिवशी मानवतला गेलो. हैदराबादच्या एका मासिकाचा तो अंक होता. वेष्टनावर आप्पांचा पत्ता, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आप्पांनी दुकान अर्ध्यावर टाकलं. अक्का उंबऱ्यावर येऊन बसल्या, दोन हमालही टेकले. मी अनुक्रमणिका पाहिली आणि पान काढलं. उर्दू बघत बघत मी मोठ्यानं, आमच्या बोलीत सांगू लागलो.

“‘मानवतचे एक वैद्य आन त्येंची टिपनं.’”

“आपलेच!” आप्पा म्हणाले. अक्कांनी हात जोडले.

“लिवनार,” असं म्हणून मी खालच्या ओळीवर आलो. डॉक्टरसाहेबांचं नाव होतं. नावाच्या आधी बारीक अक्षरांत एक शब्द छापला होता: मरहूम.

मरहूम म्हणजे कैलासवासी, हे आमच्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. मी तो वाचला आणि पुढं मला वाचता येईना.

“कवा?” आप्पांनी विचारलं.

मी पुढचं-मागचं पान चाळलं. कवा, कुठं, कशानं, काहीच दिलेलं नव्हतं. निबंध मात्र पुरा होता. एकेक ओळ मी तपासून पाहिली. त्यात कुणी एकही उपाय घातला नव्हता.